बुडाजवळ तुटणाऱ्या, मानेत चिरणाऱ्या पुंगळ्या: रायफलचं वापरलेलं पितळ पुन्हा भरण्याआधी कसं तपासायचं

आधी लक्षणं बघा. यातलं एखादं जरी पुन्हापुन्हा होत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) मागे घेतला, पुंगळी (काडतुसाचं पितळी आवरण) बाहेर आली, पण अर्धीच. पुढची नळी चेंबरमध्ये, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीत, राहिली.
- पुंगळीच्या बुडाच्या जरा वर चकाकतं कडं दिसतं. कधी पूर्ण गोल, कधी एका बाजूलाच.
- मानेवर, म्हणजे गोळी धरणाऱ्या पुढच्या अरुंद भागावर, उभी चीर पडते. किंवा चीर दिसत नाही, पण नवी गोळी बसवताना हाताला जोरच जाणवत नाही.
- खांद्यावर (मान आणि अंग जोडणाऱ्या उतारावर) गुळगुळीत पोचे पडतात आणि ते कधी पडले ते कळत नाही.
- प्रायमर (बुडात बसणारी, ठिणगी देणारी टिकली) अलगद बसतो, किंवा झाडल्यावर त्याच्याभोवती काजळीचं कडं दिसतं.
- डायमधून (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून) काढलेली पुंगळीही चेंबरमध्ये अडते.

असं झालं की माणूस पहिला दोष पितळाला देतो. मीही दिला होता. माझ्या पहिल्या पन्नास पुंगळ्या चौथ्या-पाचव्या भरणीला बुडाजवळ तुटायला लागल्या, तेव्हा मी विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि दुसरी पिशवी आणली. तीही चौथ्या-पाचव्या भरणीला तुटायला लागली. तिसऱ्या पिशवीतली एक पुंगळी शेवटी उभी कापली आणि तेव्हा कळलं की पितळ ठीक होतं, डाय मी चुकीची लावली होती. त्यामुळे या तपासणीचे दोन हेतू आहेत. खराब पुंगळी बाजूला काढणं हा पहिला. ती कशामुळे खराब झाली हे तिच्याच अंगावरून वाचणं हा दुसरा. दुसरा हेतू सोडला तर पहिलं काम जन्मभर करत बसावं लागतं.

कायद्याचं एकदाच सांगतो: काडतूस घरी भरायला जिथे परवानगी किंवा परवाना लागतो, तिथे तो हातात असल्याशिवाय यातलं काही करू नका.

धुण्याआधी बघा

बहुतेकजण पुंगळ्या आणल्या की थेट टंबलरमध्ये, म्हणजे घासून चमकवणाऱ्या यंत्रात, टाकतात. चकाचक झाल्या की तपासायला घेतात. हा क्रम उलटा आहे. काजळी हा पुरावा असतो आणि तो तुम्ही धुऊन टाकता. मानेवरची थोडी काजळी ठीक आहे. ती खांदा ओलांडून अंगावर ओघळली असेल तर पितळानं चेंबरला वेळेत घट्ट धरलं नाही, असा अर्थ होतो. एकतर दाब कमी पडला, किंवा मान आणि खांदा कडक होऊन फुगायला तयार नाहीत. बुडावर, प्रायमरच्या कडेनं काजळी दिसली तर वायू मागून निसटला आहे. ती पुंगळी वेगळी ठेवा, आपण तिच्याकडे परत येऊ.

धुण्याआधी चिंधीनं पुसून बघायचं आणखी एक कारण म्हणजे धूळ. प्रायमरच्या राखेत शिसं असतं. कोरड्या टंबलरचं झाकण घरात उघडलं की तीच धूळ नाकात जाते. हातमोजे घाला, चाळण बाहेर उघड्यावर करा आणि काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. हे मी मुद्दाम वरच्या बाजूला लिहितोय, कारण तुटलेल्या पुंगळीची भीती सगळ्यांना वाटते, शिशाची कुणालाच वाटत नाही.

फुकटातल्या तपासण्या: डोळे, कान आणि एक लोहचुंबक

पुंगळ्या बुडाच्या शिक्क्यावरून वेगळ्या करा. कॅलिबर तर बघायचंच, पण बनावटही बघायची. सैनिकी ७.६२×५१ ची पुंगळी आणि बाजारातली .३०८ विंचेस्टरची पुंगळी बाहेरून जवळजवळ सारखी असते. सैनिकी पुंगळीची भिंत मात्र बहुधा जाड असते, म्हणून आत जागा कमी राहते. तेवढीच पावडर कमी जागेत घातली की दाब वाढतो. शिक्क्यावर पूर्ण विश्वासही ठेवू नका. .३०० ब्लॅकआउटच्या कितीतरी पुंगळ्या .२२३ ची पुंगळी कापून बनवलेल्या असतात आणि त्यांच्या बुडावर शिक्का .२२३ चाच राहतो. .२४३, ७ एमएम-०८ आणि .३०८ यांचं बूड तर एकाच मापाचं. म्हणून बूड आणि तोंड, दोन्ही बघायचं.

लोहचुंबक फिरवा. जी चिकटेल ती पोलादी, ती बाजूला. मग टॉर्च लावून प्रत्येक पुंगळीच्या आत बघा. तळाशी मध्यभागी एकच भोक दिसलं तर ती बॉक्सर पद्धतीची, आपल्या कामाची. मध्यापासून बाजूला सरकलेली दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन. तिच्यात डायची प्रायमर काढायची सुई घातली की सुईच मोडते. आत दुसरंही काय काय सापडतं: खडे, माती, टंबलरचा भुगा आणि .२२३ च्या तोंडात गच्च बसलेली .२२ रिमफायरची पुंगळी. शेवटची गोष्ट चेष्टेची वाटेल, पण मी ती एकापेक्षा जास्त वेळा पाहिली आहे.

प्रायमरवर पिनचा ठसा नसेल, किंवा ठसा असूनही काडतूस उडालेलं नसेल, तर ते जिवंत आहे. ते रिकाम्या पुंगळ्यांच्या डब्यात ठेवायचं नाही आणि प्रायमर ठोकून काढायचा तर विचारही करायचा नाही.

आता कान. पाच-सहा पुंगळ्या ओंजळीत घेऊन हलवा. चांगलं पितळ किणकिणतं. एखादी चिरलेली असली की त्यात बद्द आवाज मिसळतो, जसा तडा गेलेल्या कपाचा येतो. असा आवाज आला की एकेक काढत जा, चोर सापडतो. या परीक्षेत पास झालेली पुंगळी चांगलीच असेल असं नाही. पण शेकडो पुंगळ्यांच्या ढिगातून उघड चिरलेल्या काढायला याहून जलद उपाय मला माहीत नाही.

मान आणि तोंड

मानेवरची चीर सगळ्यात जास्त वेळा दिसते आणि सगळ्यात कमी धोक्याची असते. पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ते दरवेळी फुगलं, डायमध्ये आवळलं, पुन्हा फुगलं, की थोडं थोडं कडक होत जातं. तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिलात तर ती आधी ताठ होते आणि मग मोडते, तेच इथे होतं. चीर सहसा तोंडाच्या काठापासून सुरू होते. भिंगाखाली बघा आणि शंका आली तर नख आडवं फिरवा. चिरेत नख अडतं, काजळीच्या रेषेत अडत नाही.

चिरलेल्या मानेवर उपाय नाही, ती पुंगळी बाद. पण एकाच खेपेतल्या तीन-चार माना चिरल्या असतील तर उरलेल्यांची पाळी जवळ आली आहे. तिथे अनीलिंग, म्हणजे फक्त मान आणि खांदा काही सेकंद तापवून पितळ मऊ करणं, कामाला येतं. बूड मात्र कधीही तापवायचं नाही. बूड कडक असतं म्हणूनच ते दाब झेलतं. मऊ झालेल्या बुडाची पुंगळी वरून छान दिसते आणि चेंबरमध्ये दगा देते. म्हणून आगीत सापडलेल्या, शेकोटीत पडलेल्या, भाजल्यासारख्या दिसणाऱ्या पुंगळ्या कितीही साजऱ्या असल्या तरी थेट भंगारात टाका. नव्या सैनिकी पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक असते, ती वेगळी. ती कारखान्यातल्या अनीलिंगची खूण आहे, दोष नाही.

न वापरलेली पुंगळीही चिरते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. भारतातल्या ब्रिटिश फौजेनं पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांमध्ये ठेवली आणि पाऊस संपल्यावर बघतात तो बऱ्याच पुंगळ्यांना तडे. गोळी आवळून बसवलेली असते त्याच जागी जास्त. याचं कारण १९२१ मध्ये उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढून बनवलेल्या पितळात आधीपासून दडलेला ताण, दोन्ही मिळून पितळ फोडतात. म्हणून अमोनिया असलेलं पितळाचं पॉलिश पुंगळ्यांना लावू नका. भांड्यांसाठी ते ठीक असेल. भांड्यात कुणी ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब तयार करत नाही, आणि .३०८ ची कमाल मर्यादा तेवढी आहे.

तोंड चेपलं असेल, म्हणजे कुणाच्या बुटाखाली आलं असेल किंवा बाहेर फेकली जाताना दगडावर आपटलं असेल, तर निमुळत्या दांड्यानं हलकेच गोल करून बघा. गोल होताना काठ फाटला नाही तर चालेल. पितळावर आधीच घडी पडली असेल तर गोल करण्यात वेळ घालवू नका.

अंगावरचे पोचे, चरे आणि कळक

पोचा कुठे आहे आणि कसा आहे, यावर सगळं अवलंबून. सेल्फ-लोडिंग, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप घेणाऱ्या, रायफलमधून उडालेल्या पुंगळीच्या अंगावर एक उथळ पोचा असतोच, तो पुढच्या वेळी झाडल्यावर आपोआप निघतो. ज्यात टोकदार कोपरा किंवा घडी आहे तो बाद. रोलर पद्धतीच्या काही रायफलींच्या चेंबरमध्ये उभ्या खाचा असतात, त्यामुळे पुंगळीवर समांतर पट्टे उमटतात. ते दिसायला भयंकर असतात, पण ते तडे नव्हेत.

खांद्यावरचे गुळगुळीत, बिनधारेचे खळगे मात्र तुम्हीच पाडलेले असतात. साइझिंगच्या (पुंगळी डायमध्ये दाबून मापात आणण्याच्या) आधी लावलेलं वंगण जास्त झालं, डायमध्ये अडकलं, आणि द्रव दबत नाही म्हणून पितळ दबलं. डायचं हवेचं भोक साफ करा, वंगण कमी लावा, पोचे थांबतील. लहान खळगा असलेली पुंगळी वापरता येते. एकाच जागी उभा चरा प्रत्येक पुंगळीवर येत असेल तर डायमध्ये वाळूचा कण रुतलाय. पुंगळ्या बाद करण्याआधी डाय साफ करा.

गंजाबद्दल: तपकिरी काळेपणा म्हणजे जुनेपणा, तो चालतो. हिरवा कळक पुसून खाली गुळगुळीत पितळ निघालं तर चालेल. खड्डा निघाला तर नाही. आणि पितळावर गुलाबी-तांबूस डाग दिसले तर जस्त निघून गेलंय, मागे सच्छिद्र तांबं उरलंय. त्याच्यावर विश्वास नको, डाग कितीही लहान असो.

कडं आणि वाकवलेली तार

या जागेसाठीच मी हे लिहायला घेतलं.

काडतूस उडतं तेव्हा काय होतं ते क्रमानं बघा. पिन प्रायमरवर आपटते आणि काडतुसाला पुढे ढकलते. दाब वाढायला लागतो, पुंगळीची पुढची पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते. बूड जाड आहे, ते चिकटत नाही. बूड आणि बोल्ट यांच्यात जर फट असेल, तर दाब बुडाला मागे ढकलतो. पुढचा भाग हलत नाही, मागचा सरकतो, आणि मधलं पितळ ताणलं जातं. जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते तिथेच, बुडापासून सुमारे एक सेंटिमीटरवर. मग तुम्ही पुंगळी डायमध्ये घालता, खांदा पुन्हा मागे दाबता, म्हणजे तीच फट पुन्हा तयार करता. पुढच्या वेळी पुन्हा ताण. भिंत आतून बारीक होत जाते आणि एके दिवशी पुंगळीचे दोन तुकडे होतात.

बाहेरून ही जागा चकाकत्या कड्यासारखी दिसते. गोंधळ इथेच होतो, कारण साइझिंग डायचं तोंड जिथे थांबतं तिथेही पितळ घासून चकाकतं. नवखे लोक ते बघून सगळ्या पुंगळ्या फेकतात. आणि ज्यांनी एकदा असं उगीच फेकलेलं असतं, ते नंतर खरं कडं बघूनही "डायचंच असेल" म्हणतात. दुसरी चूक जास्त महाग पडते. डोळ्यांनी यातला निकाल नीट लागत नाही. तार लावते.

कागदाला लावायची मोठी क्लिप सरळ करा. टोक दोन-तीन मिलीमीटर काटकोनात वाकवा, मानेतून आत जाईल इतपतच. कानशीनं टोकाला धार काढा. तार तळापर्यंत घाला, टोक भिंतीला टेकवा आणि हलक्या हातानं वर ओढा. पुंगळी फिरवून तीन-चार बाजूंनी करा. चांगल्या पुंगळीत टोक जाड बुडावरून उतरतं आणि पुढे सरळ घसरत जातं. खराब पुंगळीत एका जागी ते खाचेत पडतं आणि बाहेर निघताना अडकतं. ही भावना शब्दात सांगून कळत नाही. म्हणून पहिल्यांदा एका कोऱ्या पुंगळीत दहा वेळा ओढा, मग एक तुटायला आलेली पुंगळी मिळाली तर तिच्यात ओढा. काजळीचा थर कधीकधी खाचेसारखा भासतो, पण तिथे तार वर चढते. खाचेत ती खाली जाते. शंका राहिली तर पुंगळी धुऊन पुन्हा ओढा.

खाच लागली की बाद. बारीक असली तरी बाद. आणि त्या खेपेतल्या, तेवढ्याच वेळा भरलेल्या सगळ्या पुंगळ्या संशयित. एक पुंगळी उभी कापून बघा. बारीक पात्याच्या करवतीनं पाच मिनिटांचं काम आहे, आणि कापलेल्या कडेवर पितळाची जाडी, ती कमी होत गेलेली जागा, सगळं उघड दिसतं. माझ्या बाकावर अशी कापलेली एक अजून पडून आहे. भिंत एका जागी कागदासारखी झाली होती, आणि बाहेरून जेमतेम एक अस्पष्ट रेघ.

.३०३ वाल्यांनी हे दोनदा वाचावं. ती पुंगळी मागच्या रिमवर (बुडाच्या बाहेर आलेल्या काठावर) टेकते, आणि जुन्या ली-एनफिल्ड रायफलींची चेंबरं पुढच्या बाजूला ऐसपैस असतात. खांदा पहिल्याच गोळीला बराच पुढे जातो. दरवेळी तो पूर्ण मागे आणला तर पुंगळी दोन-तीन भरणींतही जाऊ शकते. बेल्ट (बुडाजवळचा उठावाचा पट्टा) असलेल्या मॅग्नम पुंगळ्यांचीही हीच गोष्ट.

व्हर्नियर: लांबी

ताणलेलं पितळ पुढे सरकतं आणि मान लांब होते. .३०८ विंचेस्टरची कमाल लांबी ५१.१८ मिमी, कापून ५०.९३ करतात. .२२३ रेमिंग्टनची ४४.७० आणि ४४.४५. .३०-०६ ची ६३.३५ आणि ६३.०९. कमाल ओलांडली तर तोंड चेंबरच्या पुढच्या काठात रुततं, गोळीला सुटायला जागा राहत नाही आणि दाब नको तितका चढतो. बोल्ट बंद करताना जोर लागण्याचं एक कारण हेही असतं.

लांबी मोजायची साइझिंगनंतर, आधी नाही, कारण डाय पुंगळीला लांब करते. आणि प्रत्येक भरणीला भरपूर पितळ कापावं लागत असेल तर थांबून विचार करा: हे पितळ येतंय कुठून? बुडाजवळच्या भिंतीतून. ट्रिमरखाली साचणारा चुरा म्हणजे तारेनं जे सांगायचं ते आधीच सांगणारी खूण आहे.

बूड आणि प्रायमरची खोबण

बुडावर चकाकता गोल ठिपका दिसला, म्हणजे पितळ इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या) भोकात घुसलं. दाब जास्त होता. रिमवर ओढल्याची किंवा फाटल्याची खूण असेल तरी तेच, किंवा चेंबर घाण होतं. प्रायमर चपटा झालाय एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, त्याची कारणं अनेक असतात. उलट प्रायमर बुडाच्या बाहेर किंचित आलेला दिसला तर वर सांगितलेल्या फटीचा संशय घ्या.

खोबण सैल आहे का हे प्रायमर बसवताना हाताला कळतं. हातातल्या साधनानं बसवलं तर अधिक चांगलं कळतं, प्रेसच्या (डाय बसवायच्या यंत्राच्या) लांब दांड्यावर काहीच कळत नाही. जिथे बाकीच्यांना ठराविक जोर लागतो तिथे एखादा लोण्यात सुरी जावी तसा बसला, तर ती पुंगळी बाद. सैल खोबणीतून निसटणारा वायू बोल्टच्या तोंडावर खड्डे पाडतो, आणि बोल्ट पुंगळीच्या भावात मिळत नाही. सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या, प्रायमरभोवती काजळी असलेल्या पुंगळ्या आता काढा. त्यातल्या बऱ्याच इथेच नापास होतील.

सैनिकी पुंगळीत प्रायमर बसतच नसेल तर घाबरू नका. प्रायमर निसटू नये म्हणून कारखान्यात खोबणीचा काठ आत दाबलेला असतो. तो काठ कापून किंवा दाबून सरळ करायचं साधन मिळतं. कापताना हात आखडता घ्या, नाहीतर चांगली पुंगळी तुम्हीच सैल कराल.

सगळ्यात कटकटीचं: डाय

पुंगळ्या निवडून झाल्या. आता मूळ कारण. डायसोबतच्या कागदावर बहुधा लिहिलेलं असतं की डाय शेलहोल्डरला (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत फिरवा आणि वर आणखी पाव फेरा द्या. हे सगळ्यात लहान चेंबरमध्येही काडतूस बसावं म्हणून. तुमचं चेंबर सगळ्यात लहान असेलच असं नाही. प्रत्येक वेळी खांदा गरजेपेक्षा जास्त मागे जातो आणि पुंगळ्या तुटतात. माझ्या तीन पिशव्या याच पाव फेऱ्यानं खाल्ल्या.

खांद्यावर बसणारं मापाचं कडं व्हर्नियरला लावा. स्वतःच्या रायफलीत झाडलेली पुंगळी मोजा, प्रायमर काढून, कारण फुगलेला प्रायमर माप खोटं दाखवतो. एकदाच झाडलेल्या पुंगळीपेक्षा दोन-तीनदा झाडलेलीचं माप अधिक खरं असतं. आता डाय इतकीच खाली आणा की बोल्ट रायफलसाठी खांदा ०.०२५ ते ०.०५ मिमी मागे जाईल. सेल्फ-लोडिंगसाठी ०.०८ ते ०.१३ मिमी, कारण तिथे काडतूस स्वतःहून पूर्ण बसलं पाहिजे. नेहमीच्या डायच्या आट्यांचा एक इंचात १४ चा हिशेब आहे, म्हणजे पूर्ण फेऱ्याला १.८१ मिमी. दहा अंश फिरवलं की ०.०५ मिमी. त्यामुळे पाना मोठ्या फरकानं फिरवू नका. डायवर मार्करनं रेघ मारा आणि घड्याळाच्या काट्याइतकं सरका.

एकाच खेपेच्या पुंगळ्यांचं माप वेगवेगळं येत असेल, तर डायला दोष देण्याआधी मानेकडे परत जा. कडक झालेलं पितळ दाबून सोडलं की कमी-जास्त उसळतं, आणि अनीलिंगनं ते बरंचसं एकसारखं होतं.

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी ठेवा: कितव्यांदा भरलं, कधी कापलं, कधी तापवलं. दुसऱ्याच्या पुंगळ्या घेतल्या तर पहिला रकाना रिकामाच राहतो. म्हणून अशा पुंगळ्यांपैकी दोन-चार सरळ कापून बघायच्या. बाद केलेली पुंगळी पक्कडीनं चेपूनच भंगारात टाका. नाहीतर महिन्याभरानं तुम्हीच ती "अरे, ही चांगली दिसतेय" म्हणून उचलाल.

इथे थांबा

अर्धी पुंगळी चेंबरमध्ये राहिली तर दुसरं काडतूस घालून बघायचं नाही. रायफल आधी पूर्ण रिकामी करा. अडकलेला तुकडा काढायचं कॅलिबरनुसार साधन मिळतं आणि ते बहुतेकदा काम करतं. ते नसेल तर स्क्रूड्रायव्हरनं कोरू नका. चेंबरला पडलेला एक चरा पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतो.

कारखान्यातून भरून आलेली, कोरी काडतुसं झाडल्यावरही तारेला खाच लागली, तर डायचा संबंध नाही. चेंबर आणि बोल्ट यांच्यातलं अंतर गेजनं तपासायला लागेल, ते काम गनस्मिथचं. पुंगळी बुडाच्या वर एकाच बाजूला फुगत असेल, उभी चीर अंगावरून बुडाकडे उतरत असेल, प्रायमरला भोक पडत असेल, बोल्ट उघडायला ठोकावं लागत असेल किंवा तुमच्या चेहऱ्यावर गरम वायू आला असेल, तर त्याच दिवशी झाडणं बंद. एखादा आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि गोळी लक्ष्यावर दिसली नाही, तर ती बॅरलमध्ये असू शकते. तेही घरी ठोकून काढायचं काम नाही.

गनस्मिथकडे जाताना रिकामी रायफल एकटी नेऊ नका. तुटलेल्या पुंगळीचे दोन्ही तुकडे न धुता न्या. कारखान्यातल्या काडतुसांच्या झाडलेल्या तीन-चार पुंगळ्या, तुमच्या भरलेल्यांच्या तीन-चार, एक कोरी आणि डब्यावरची चिठ्ठी. तुम्ही अर्धा तास बोलून जे सांगाल, त्यातलं बरंचसं तो या पिशवीतून दोन मिनिटांत वाचतो.